भोईर काका आणि सामानाचा कप्पा

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी चार वाजता सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भोईर काका कुत्र्याच्या पिंजऱ्यात बसले. दार बाहेरून वॉचमनने लावलं, आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे लगेच मला फोन केला. मी खाली आलो तेव्हा पिंजऱ्यावर चादर होती. ज्याच्यासाठी तो आणला होता तो लाल्या बाहेर बसून पहारा देत होता.

"काका, काय चाललंय?"

"बंगलोर," चादरीतून उत्तर आलं. "दोन तास लागतात. मधे बोलू नको."

काका बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. अंगाने किरकोळ. त्यांचा विश्वास कागदावर. माणसांवर तेवढा नाही. काकू गेल्यापासून बंगळुरूचा मुलगा "कायमचे इकडे या" म्हणत होता. यंदा काकांनी होकार दिला. अट एकच, लाल्या बरोबर येईल. तरी लाल्याचा विषय काढला की म्हणत, "आमच्या मंडलीनं पालला. मी नुसता सांभालतो."

विमान कंपनीचे नियम त्यांनी छापून आणले आणि लाल पेनाने रेघा मारल्या. लहान कुत्रा पिशवीतून केबिनमध्ये नेता येतो. लाल्या लहान नाही. त्याने सामानाच्या कप्प्यातून जायचं. पिंजऱ्यात त्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे. काकांनी आठवडाभर टेपने त्याची उंची मोजली, कान उभे असताना आणि कान पाडून.

लाल्याच्या तब्येतीचा दाखला घेताना डॉक्टरांशी वाद झाला. डॉक्टरांनी जातीपुढे 'गावठी' लिहिलं होतं.

"प्रकल्पग्रस्त लिवा," काका म्हणाले. "याच्या आयशीची जागा टॉवरखाली गेली."

डॉक्टरांनी 'गावठी'च ठेवलं. काकांनी नवी मुंबईसाठी जमीन गेल्याचा स्वतःचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला सोबत जोडला. तीन प्रतींत.

त्या रविवारी सकाळी त्यांनी कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून शेजारच्या घरात मलाही ऐकू आलं.

"कप्प्यात लाइट असते का?"

"सर, पेट एकदम सेफ असतो."

"तू बसलीस का कवा आत?"

"नाही सर."

"मग तुला कसा म्हाईत?"

दुपारी पिंजरा पार्किंगमध्ये आला.

सहा वाजता वॉचमनने दार उघडलं. काकांना दोघांनी धरून उभं करावं लागलं. लाल्याने त्यांचं तोंड चाटलं. मी विचारलं, "फार उकडलं का?"

"नाय. जागापन बराबर हाय." त्यांनी गुडघे चोळले. "आत कोन बोलत नाय. मना सवय झाली, वरीस झाला. त्याला नाय."

सोमवारी त्यांनी कंपनीकडे अर्ज केला: कुत्र्यासोबत सामानाच्या कप्प्यात बसण्याची परवानगी मिळावी, खिडकीजवळची सीट सोडण्यास अर्जदार तयार आहे. बुधवारी नकार आला. काकांनी तिकीट रद्द करून भाड्याची गाडी ठरवली.

शुक्रवारी पहाटे दोघे निघाले. पिंजरा अजून पार्किंगमध्ये आहे.

रविवारी ड्रायव्हर परत आला. त्याने सांगितलं, लाल्याने खिडकीबाहेर काढलेलं डोकं बराच वेळ आत घेतलं नाही. काका कोल्हापूरपर्यंत त्याच्याशी बोलत होते. कोल्हापूरनंतर त्यांना झोप लागली. तेव्हा लाल्या आत वळला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला.