पोपटी सदऱ्यांची मोहीम

श्रीगंगेच्या साक्षीने, काशीक्षेत्री ब्रह्माघाटी राहणार सेवक बिंदुमाधव, वय वर्षे अठ्ठावन्न, बँकेच्या चाकरीतून निवृत्त, उदर विस्तीर्ण, याने आपल्या फजितीचे साद्यंत वर्तमान लिहिले ते ऐसे जे:

मातोश्री शरदिनीबाईसाहेब यांचे सहस्रचंद्रदर्शन नेमिले आणि त्यांचे फर्मान सुटले की, उभयतां पुत्रांनी बालपणीचे रिवाजाप्रमाणे कापडाच्या एकाच थानाचे सदरे घालोन हजर व्हावे. थान स्वतः पसंत करोन आणिले. रंग पोपटी.

धाकटे बंधू दत्तात्रेय, रेल्वेकडील इंजिनियर, यांचा आणि सेवकाचा सात मास अबोला होता. न्हाणीघरात घसरोन मातोश्रींचे मनगट मोडले आणि फरशी ओली कोणी ठेविली यावरून उभयतां नको ते बोलिलो. मग सेवकाने कळविले, दत्तू घालील तर घालू; तिकडून जाब आला, दादा घालील तर. मातोश्रींनी दोन्ही जाब होकारच समजोन थान वासुदेव शिंपी याजकडे रवाना केले आणि मापास उभयतांस एकाच वेळी तलब केले.

वासुदेव मास्टराने सेवकाच्या कमरेस टेप लाविली, पुन्हा लाविली आणि अर्ज केला, "बड़े भैया, कपड़ा कम पड़ेगा। माई पुराने अंदाज़ से लाई हैं, आपका पेट नए हिसाब का है।"

सेवकाने श्वास ओढोन पोट मागे हटविले, परंतु ते दो पळांत पूर्वस्थळी दाखल झाले. मग दत्तात्रेय भिंतीकडे पाहोन वदले, "मास्टर, मेरी बाँहें आधी कर दीजिए." आणि पुढील शब्द मराठीत निघाले, "उरलेलं दादाच्या पोटाला लावा."

सात मासांत बंधूमुखी 'दादा' सेवकाने प्रथमच ऐकिले.

"माझ्याही बाह्या अर्ध्याच करा," सेवक वदला. "आणि दत्तू, त्या दिवशी फरशी मीच ओली ठेवली होती."

"ठाऊक होतं. आईनं तेव्हाच सांगितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलावंस म्हणून."

सोहळ्याचे दिवशी उभयतां अर्ध्या बाह्यांचे पोपटी सदरे लेवोन दाराशी उभे ठाकलो, तोच एका पाहुण्याने रिकामा ग्लास पुढे करोन म्हटले, "भैया, ज़रा पानी।" दत्तूने सेवकाकडे पाहिले, सेवकाने दत्तूकडे, आणि उभयतां एकदमच पाण्याकडे धावलो. खुर्चीवरून मातोश्रींनी हसत हसत आवाज दिला, "अहो, ते वाढपी नव्हेत, माझी मुलं आहेत! पण पाणी मात्र आणू द्या."

येणेप्रमाणे मातोश्रींची फत्ते जाहली, आणि पुत्रद्वय सपशेल शिकस्त खाऊन, पाण्याचे जग हाती घेऊन, अवघी पंगत उठेतो पाणी वाढीत हिंडले. लिहिले ते स्वानुभवाचे. सदरा काखेत काचतो, तरी तक्रार नाही.