सीपीयूचा अंगरखा

धूळ ही एवढी वाईट गोष्ट आहे हे दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. शाळेत मला शिकवणाऱ्या बाई आता ऐंशीच्या आहेत. त्यांच्या हस्तलिखित आठवणी टाइप करायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. (शाळेत असताना बाईंनी मला कधी खडू आणायलासुद्धा पाठवलं नव्हतं.) पंधरा दिवसांत झालं नाही, तर काम आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबराकडे जाणार होतं. ती मुलगी पन्नाशीतही पहिलाच नंबर आहे.

पहिल्याच दिवशी पडदा काळा झाला. ह्यांनी सीपीयू उचलून दुकानात नेला, मागोमाग मी. दुरुस्तीवाल्याने आतून राखाडी बोळा काढून दाखवला.

"काकू, नुसती धूळ आहे. जरा जपा याला."

जपा म्हटल्यावर मी जपणारच. खिडकीच्या जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. पुढे बटणापुरतं भोक, मागे वायरींपुरती चीर, खाली इलॅस्टिक.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत पडदा काळा.

दुकानात मात्र तो दोन तास गुमान चालला. (नेताना कव्हर मी काढून ठेवायचे. दुकानात मळलं असतं.) तरी रॅम वाढवली. घरी आणला, वीस मिनिटं. मग पॉवर सप्लाय बदलला, पंखा बदलला.

"मोठा पंखा आहे. आता हवा भरपूर ओढेल."

"म्हणजे धूळही ओढेल?"

"ओढेल की थोडी."

घरी येऊन मी कव्हरला आतून रजईचं अस्तर लावलं.

आता पंखा विमानासारखा घोंघावायचा आणि अकराव्या मिनिटाला सगळं गप्प. हे म्हणाले, "त्याला आपलं घर आवडत नाही."

"तुम्ही त्याच्यासमोर बसून नव्या कॉम्प्युटरच्या जाहिराती वाचता. त्याला काय वाटत असेल?"

तेवढ्यात पहिल्या नंबराचा फोन. "बाई विचारत होत्या, जमतंय ना गं तुला?"

"अगदी छान चाललंय," मी काळ्या पडद्याकडे बघत म्हटलं. तीन दिवस उरले होते.

शेवटी दुरुस्तीवाला घरी आला आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "काकू, सीपीयू कुठाय?"

मी कौतुकाने दाखवला. त्याने अस्तराखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे कोणी केलं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लग्नानंतरचा तेवढा एक उपकार.

"तुम्हीच म्हणालात ना, जपा."

"जपा म्हणालो, काकू. कोंडून घाला नाही म्हणालो. हवा जायची सगळी भोकं बंद केलीत. आत भट्टी झालीये."

कव्हर निघालं आणि कॉम्प्युटर तीन दिवस न कुरकुरता चालला. शेवटच्या दिवशी शेवटचं प्रकरण घेतलं, 'लक्षात राहिलेले विद्यार्थी'. पहिल्या नंबरावर एकच ओळ होती. माझा जीव सुपाएवढा झाला. खालच्या परिच्छेदावर आले.

'एका मुलीला पुस्तकाला कव्हर घालून आण म्हटलं, तर तिने ते चारही बाजूंनी डिंकाने चिकटवून आणलं. पुस्तक उघडेना. विचारलं तर म्हणाली, बाई, आता पानं मळणारच नाहीत.'

नाव दिलं नव्हतं. (बाईंचा मोठेपणा.) मी एकेक अक्षर सावकाश टाइप करत कॉम्प्युटरकडे आशेने बघत होते.

त्या पानाला मात्र तो एकदाही बंद पडला नाही.