निळी टिकली

रूनेचा बॅरोमीटर भिंतीवर होता तो शेवटचा शनिवार तसा अगदी साधा होता. आस्ता आणि तिची मोठी मुलगी गुनिल्ला स्वयंपाकघरातला एक खण रिकामा करत होत्या. एका शनिवारी एक खण, हा आस्ताचा वेग. नवरा रूने वारल्यावर तिने ठरवलं होतं की अठ्ठेचाळीस वर्षांचं हे घर ब्याऐंशीव्या वाढदिवसापर्यंत आवरायचं आणि बंदराजवळच्या दोन खोल्यांत राहायला जायचं. त्या वाढदिवसाला अजून अडीच वर्षं होती.

"आई, या चाळणीला भोक पडलंय."

"चाळणीला भोकंच असतात."

"मोठं पडलंय."

"मग ती मोठ्या भोकाची चाळणी. हवी असेल तर टिकली लाव, नाहीतर पुढे सरक."

हट्टाने गुनिल्लाने चाळणीला लाल टिकली लावली आणि लगेच पस्तावली. कारण नियम कडक होता. ज्या शनिवारी जी मुलगी घरी असेल तिने स्वतःला हव्या त्या वस्तूवर एकच कागदी टिकली लावायची. लाल गुनिल्लाची, निळी धाकट्या लिस्बेतची. टिकली नसलेली वस्तू मोकळी. कुणाकडे कॉफीला जाताना आस्ता फुलं न नेता त्यातलीच एखादी वस्तू रिबीन बांधून नेई. आस्ताला बोलवायचं झालं की गावातले लोक आधी कपाटात जागा करून ठेवत.

लिस्बेत दूर योतेबोर्गला राहायची. वर्षातून दोनदा यायची. जूनमध्ये आली तेव्हा तिने आपली एकुलती निळी टिकली थेट दिवाणखान्यातल्या बॅरोमीटरवर लावली होती. त्याचा काटा वीस वर्षं वादळावर अडकलेला. रूने रोज सकाळी वाकड्या बोटाने त्यावर टकटक करायचा आणि "आज निभेल" असं जाहीर करायचा. गुनिल्ला दर शनिवारी त्या निळ्या ठिपक्याकडे न बघता आत यायची आणि न बघता बाहेर जायची.

त्या शनिवारी आई मुरंबा आणायला तळघरात उतरली आणि गुनिल्लाने नखाने टिकली काढली. आजची लाल टिकली चाळणीवर खर्च झालेली. बॅरोमीटरवर आपली टिकली पुढच्या शनिवारी लावायची, एवढाच बेत होता.

बुधवारी शेजारच्या दाग्नीने आस्ताला कॉफीला बोलावलं.

पुढच्या शनिवारी गुनिल्ला आली तेव्हा भिंतीवर फक्त एक फिकट गोल उरला होता.

"बॅरोमीटर कुठाय?"

"दाग्नीला दिला. टिकली नव्हती त्याच्यावर."

रविवारी लिस्बेतचा आईला फोन आला. मग लगेच गुनिल्लाला.

"मी माझ्या हाताने टिकली लावली होती. आई म्हणते नव्हतीच. तिचं विसरणं सुरू झालंय गुनिल्ला, आणि तुझ्या लक्षात कसं आलं नाही? तू तर तिथेच असतेस."

एक वाक्य बोललं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. गुनिल्ला म्हणाली, "हं."

आता बॅरोमीटर गुपचूप परत आणणं भाग होतं. पण दिलेली वस्तू परत मागायची तर त्या गावात राहायची सोय उरत नाही. म्हणून गुनिल्ला साखरेचं चांदीचं भांडं घेऊन दाग्नीकडे गेली. खूश होऊन दाग्नी आपणहून बॅरोमीटर परत देऊ करेल, अशी आशा होती. दाग्नीने सात प्रकारची बिस्किटं मांडली. सोफ्यामागच्या भिंतीवर बॅरोमीटर लटकत होता आणि त्याचा काटा 'स्वच्छ'वर होता.

"आमचं घर मानवलं त्याला," दाग्नी म्हणाली. "तुमच्याकडे चालत नव्हता म्हणे?"

माणसांचा हेवा गुनिल्लाला सवयीचा होता. भिंतीचा हेवा पहिल्यांदाच वाटला.

"तू इतकं सुंदर भांडं आणलंस, तुला रिकाम्या हाताने कशी पाठवू?" असं म्हणत दाग्नीने चिनीमातीचा गुडघ्याएवढा कुत्रा तिच्या कडेवर दिला. पुढच्या खेपेला गुनिल्लाने लोकरीचं पांघरूण नेलं, तर बदल्यात तांब्याचं पातेलं आलं. तिसऱ्या खेपेला पेंढा भरलेलं घुबड. गुनिल्लाच्या छोट्या घरात यांना जागा नव्हती. तिने सगळं आईच्या तळघरात, बटाट्यांच्या मागे लपवलं.

ऑक्टोबरमध्ये लिस्बेत आली आणि आईबरोबर बटाटे आणायला खाली उतरली.

"आई, हा कुत्रा कधी घेतलास?"

आस्ताने कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. "घेतल्याचं काही आठवत नाही."

"आणि घुबड?"

"घुबडही नाही."

लिस्बेत जिन्यातच बसली. तिथूनच तिने आरोग्य केंद्राला फोन लावून स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली. संध्याकाळी ती गुनिल्लाला हळूच म्हणाली, "माझ्या घराजवळ वृद्धांची एक चांगली जागा आहे. चालत चार मिनिटं. तपासणीत काही निघालं तर नाताळच्या आत तिला घेऊन जाते. हे खण-खण खेळत बसणं आता पुरे."

आधी बॅरोमीटर, आता आई. गुनिल्ला याही वेळी "हं" म्हणाली, पण रात्रभर तिला झोप लागली नाही.

तपासणीच्या खोलीत तिघी शेजारी शेजारी बसल्या. तरुण नर्सने आधी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते आस्ताने नर्सच्या आधी केले.

"आता एक गोल घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

आस्ताने गोल काढला. आत एकच काटा काढला. काट्याच्या टोकाशी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'वादळ'.

"हे घड्याळ नाही वाटत," नर्स हळुवारपणे म्हणाली.

"आमच्याकडे घड्याळ हरवलेलं नाही," आस्ता म्हणाली.

लिस्बेतने रुमाल काढला. नर्सने कागदावर काहीतरी खूण केली. ती खूण बघून गुनिल्ला उभी राहिली.

"टिकली मी काढली होती. कुत्रा, पातेलं, घुबडसुद्धा मीच आणलं. आई काही विसरलेली नाही."

आस्ताने कागद परत ओढला, त्यावर नीट घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं, आणि नर्सकडे सरकवलं.

"लिंबू, किल्ली, फुगा," ती म्हणाली. "आणि चौथी गोष्ट माझी. निळी टिकली. त्या शनिवारी ती हिच्या स्वेटरच्या कोपराला चिकटली होती. हिने चार वेळा कॉफी ओतली, चारही वेळा मला दिसली."

"तुला माहीत होतं?" लिस्बेत म्हणाली. "मग बॅरोमीटर दिलास कशाला?"

"टिकली नव्हती. नियम म्हणजे नियम."

"आणि इथे कशाला आलीस?"

"माझ्या सगळ्या मैत्रिणींची ही तपासणी झालीय. मीच राहिले होते." आस्ता पुढे म्हणाली, "आणि ही कधी बोलते ते बघायचं होतं. दाग्नीने मला सगळं सांगितलंय. तीही घर आवरतेय. हिच्यामुळे तिची तीन धुडं गेली. माझ्याआधी मोकळी होणार बघ ती." आस्ताच्या आवाजात सरळसरळ हेवा होता.

नर्सने पेन खाली ठेवलं.

"का काढलीस, तेवढं मात्र मला माहीत नाही," आस्ता गुनिल्लाला म्हणाली. "चालत नसलेला बॅरोमीटर. तुला काय करायचा होता?"

गुनिल्लाने लिस्बेतकडे पाहिलं नाही. स्वेटरच्या कोपरावर बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा अंथरुणाला खिळल्यावर तीन वर्षं मी रोज येत होते. त्यांच्याऐवजी बॅरोमीटरवर टकटक करायचे आणि आत जाऊन सांगायचे, आज निभेल. आणि बाबा रोज माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत विचारायचे, लिस्बेत आली का. मला तिचा हेवा वाटायचा, आई. अजून वाटतो."