कलम अकरा: दोरीधारकाच्या देखणेपणाविषयी

घोड्याच्या अंगावर कपडे नसतात. निसर्गाच्या या एका ढिलाईमुळे अश्वप्रदर्शनातल्या शिस्तीचा सगळा भार शेवटी घोड्याची दोरी धरून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर येऊन पडतो. घोडा उघडा आला तरी चालतो, किंबहुना त्याने तसंच यावं अशी अपेक्षा असते; पण माणसाच्या शर्टाचं एक बटण उघडं राहिलं की प्रदर्शनाची अब्रू गेलीच म्हणून समजा. अश्वप्रदर्शन मंडळाने हे फार पूर्वीच ओळखलं. म्हणूनच मंडळाच्या नियमावलीत घोड्यांविषयी चार पानं आहेत आणि पँटविषयी एकोणीस. (घोड्यांविषयीची चार पानं आता जीर्ण झाली आहेत. पँटविषयीची दरवर्षी नव्याने छापली जातात.)

दोरी धरणाऱ्याला नियमावली ‘दोरीधारक’ म्हणते. तबेल्यात त्याला मोतद्दार म्हणतात आणि घाईच्या वेळी नुसतं ‘ए’. पण ‘ए’ने पांढरा शर्ट घालावा, असा नियम लिहिणं बरं दिसलं नसतं. तर दोरीधारकाचा शर्ट पांढरा, पूर्ण बाह्यांचा आणि सर्व बाजूंनी खोचलेला असावा. पँट गडद असावी. बूट असे चकचकीत असावेत की परीक्षकांना त्यांत आपला चेहरा दिसावा, मात्र ते त्यातच बघत बसतील इतका स्पष्ट दिसू नये. खिशात किल्ल्या, नाणी किंवा गाजर असू नये. अत्तर लावू नये. घाम आल्यास ‘तो शर्टाच्या आतल्या बाजूसच राहील याची दक्षता दोरीधारकाने घ्यावी’ (कलम सात). अशी एकूण दहा कलमं होती, आणि सगळ्यांचा हेतू एकच, तोही उदात्त: बघणाऱ्याचं लक्ष घोड्याकडे जावं, माणसाकडे जाऊ नये.

मग एका वर्षी एक दोरीधारक मोरपंखी जाकीट घालून आला. जाकिटाविषयी नियमावलीत अवाक्षर नव्हतं, त्यामुळे त्याला अडवता आलं नाही. परीक्षकांनी ‘ठेवण उत्तम, चकाकी उत्तम, काखेत शिवण सैल’ असा शेरा मारून त्याच्या घोड्याला पहिलं बक्षीस दिलं. त्यानंतर कलम अकरा आलं: ‘दोरीधारक हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्राण्याहून देखणा दिसता कामा नये.’ ते एकमताने मंजूर झालं. सभेतल्या प्रत्येक सभासदाला मनातून वाटलं की हे कलम आपल्यालाच उद्देशून आहे, आणि स्वतःविषयीच्या कलमाला विरोध करणं विनयाला धरून नसल्यामुळे सगळे मूग गिळून बसले.

प्रत्यक्षात मात्र बरीच वर्षं कलम अकराखाली कोणी अडकलं नाही. मंडळाच्या आकडेवारीनुसार तोवर तपासलेले दोरीधारक सहाशे बारा, पैकी घोड्याहून देखणे शून्य, घोड्याच्या बरोबरीचे दोन (सख्खे भाऊ, घोडाही एकच). अशा या कलमाशी नाकाड्याची गाठ पडेल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, नाकाड्याच्या तर नाहीच.

नाकाड्या हा पन्नाशीला टेकलेला मोतद्दार. त्याचं खरं नाव बायकोला माहीत होतं, पण ती त्याला ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे ते वापराविना पडून होतं. तबेल्याच्या दारातून आधी नाक यायचं आणि बाकीचा नाकाड्या मागाहून यायचा. शाळेच्या नाटकात त्याला झाडाचं काम मिळालं होतं, तेही मागच्या रांगेतल्या. या कशाचं त्याला वाईट वाटत नसे. आरशाशी त्याचा संबंध दाढीपुरता होता आणि तोही त्याने आठवड्यातून दोनदा इतकाच ठेवला होता.

त्याचा जीव होता गिरकी नावाच्या घोडीत. गिरकीचं पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबता, एक कान कोणीतरी हाक मारल्यासारखा कायम मागे वळलेला. पण चाल अशी सुरेख की बघणाऱ्याने हातातलं काम सोडावं. मात्र ती चालायची फक्त नाकाड्याबरोबर. दुसऱ्या कोणाच्या हातात दोरी गेली की पुढे न जाता जागच्या जागी फिरत राहायची. नाव त्यावरूनच पडलं होतं. तिच्या जन्माच्या वेळी तिचे पुढचे पाय नाकाड्यानेच धरून ओढले होते. यंदा तबेल्याच्या मालकीणबाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "हे बघ, या वर्षी गिरकीने रिंगणात चालून मंडळाचा दाखला आणला, तर ती राहील. नाहीतर बागेतल्या गाडीवाल्याला देऊन टाकते. त्याला काय, कसलीही चालते." बागेतला गाडीवाला एका फेरीला आठ मुलं कोंबायचा आणि चाबूक खाली ठेवायचा नाही.

बायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिने नियमावलीची एकोणीसच्या एकोणीस पानं वाचली आणि पदर खोचला. (मंडळाच्या इतिहासात ही पानं पूर्ण वाचणारी ती पहिलीच व्यक्ती. ज्यांनी लिहिली त्यांनी आपापला परिच्छेद तेवढा वाचला होता.) तिने शर्टाला स्टार्च केला. पँटला अशी घडी घातली की कागद कापावा. नाकाड्याची दाढी केली, भुवया विंचरल्या, केस पाणी मारून चापून बसवले. कान इस्त्री करण्याजोगे नसल्याने तेवढे सोडून दिले.

तपासणीची खोली रिंगणामागे होती. तिथे हिरवं कापड घातलेलं टेबल, एक लांबलचक आरसा आणि दोन तपासनीस असायचे. एक मंडळाचे अध्यक्ष. हे निवृत्त भूमापक, त्यामुळे कोणाकडेही बघताना एक डोळा मिटून घेत. दुसरा फोटोवाला, ज्याने उभ्या आयुष्यात हजारो चेहऱ्यांना ‘हसा’ म्हणून सांगितलं होतं आणि स्वतः कधी हसला नव्हता. नाकाड्या पहिल्या दहा कलमांत एकही गुण न गमावता पास झाला. मग खोलीचं मोठं दार उघडून गिरकीला आत आणलं आणि त्याच्या शेजारी उभं केलं. अध्यक्षांनी एक डोळा मिटला. फोटोवाल्याने बोटांची चौकट करून आधी घोडी पाहिली, मग नाकाड्या, मग पुन्हा घोडी. दोघं बराच वेळ कुजबुजले.

"अपात्र," अध्यक्ष म्हणाले.

"का हो साहेब? काय चुकलं?"

"देखणे आहात."

नाकाड्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "कोण?"

"तुम्हीच."

"कोणापेक्षा?"

"या घोडीपेक्षा. कलम अकरा."

नाकाड्याला आयुष्यात कोणी देखणा म्हटलं नव्हतं. आता म्हटलं ते घोडीशी तुलना करून का होईना, पण दोन जबाबदार माणसांनी, शुद्धीवर असताना, मंडळाच्या वतीने म्हटलं होतं. त्याला आकाश ठेंगणं झालं. "जरा पुन्हा म्हणता का?" त्याने विचारलं. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे निर्णय दुसऱ्यांदा वाचला. "हे बाहेर लाउडस्पीकरवरही सांगतात का हो?" सांगतात, असं कळल्यावर त्याने तेवढ्यापुरतं दार जरा उघडं ठेवायची विनंती केली. घोषणा झाली. बाहेर माणसं जमली. तबेल्याचा नालबंद गर्दीतून डोकं आत घालून म्हणाला, "हा? आमचा?" आणि डोळे चोळत निघून गेला. नाकाड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात गिरकीने त्याच्या पाठीला तोंडाने ढुशी दिली आणि त्याला बागेतला गाडीवाला आठवला.

"साहेब," तो घाबरून म्हणाला, "मला कमी देखणा करा."

मंडळ निर्दय नव्हतं. त्यांनी मनापासून प्रयत्न केले. केस विस्कटून पाहिले, तर कलम चार मोडलं. शर्ट बाहेर काढला, तर कलम एक. गाल फुगवायला सांगितले, तर फोटोवाला म्हणाला की आता तर घरंदाज दिसताहेत. उलट बाजूने गिरकीला सजवून पाहिलं. आयाळीला रेशमी फीत बांधली, ती तिने खाल्ली. इथे नियमावलीची तर्कशुद्धता वाखाणण्याजोगी आहे. पहिली दहा कलमं जितकी चोख पाळावीत, तितका माणूस अकराव्यात रुतत जातो. गबाळा माणूस पहिल्या दहांत अडकतो आणि नीटनेटका अकराव्यात, म्हणजे कोणावरच अन्याय होत नाही.

एकच पळवाट होती: पोटकलम. दोरीधारकाला रोज बघणाऱ्या नातलगाने तो देखणा नसल्याचा जबाब दिला, तर निर्णय फिरवता येत होता. या कामी बायको सर्वांत विश्वसनीय, असा मंडळाचा अंदाज होता. (आईचा जबाब चालत नाही. मोरपंखी जाकीटवाल्याची आई एकदा न बोलावताच जबाब द्यायला आली होती. तिला थांबवायला पोलीस बोलवावे लागले.)

बायकोला इस्त्रीच्या दुकानातून बोलावून आणलं. ती घामाघूम होऊन आली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी तिने त्याला तुकड्यातुकड्याने पाहिलं होतं, कॉलर वेगळी, घडी वेगळी, भुवया वेगळ्या. सगळं जोडून उभा राहिलेला नवरा ती आत्ताच बघत होती.

"हे गृहस्थ देखणे आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं. "हो किंवा नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एरवी नसतात," ती खाली बघत म्हणाली, "पण आज दिसताहेत खरे."

नाकाड्याला हसावं की रडावं कळेना. "अगं, काय हे! खोटं बोल की!"

"एवढ्या वर्षांत एकदा मी तुम्हाला देखणे म्हणाले, तर खोटं बोल म्हणता?"

"गिरकी जाईल ना पण!"

आणि नाकाड्या अध्यक्षांकडे वळला. मी देखणा आहे तर आहे, तो म्हणाला, पण घोडी माझ्याहून देखणी ठरली तर नियम मोडत नाही ना? नाही, असं अध्यक्षांनी मान्य केलं. मग तिला रोज बघणारा मी, माझा जबाब घ्या, असं म्हणून त्याने घसा साफ केला.

"साहेब, तिच्या पापण्या बघा. एवढ्या लांब पापण्या असतात का कोणाच्या? सकाळी दार उघडलं की मान वळवून अशी बघते, की मला वाटतं आपलीच वाट बघत होती. लोक म्हणतात पोट सुटलंय. सुटू दे की! मला ते भरल्या घरासारखं वाटतं. चालायला लागली की मागून नुसतं बघत राहावं. आणि दमून खांद्यावर डोकं ठेवते ना, तेव्हा वाटतं, आता काही नको बाबा."

बायको ऐकत होती. पापण्या तिलाही होत्या. दार तीही रोज सकाळी उघडत होती.

"मायेचा जबाब," अध्यक्ष म्हणाले. "आईच्या जबाबाइतकाच निरुपयोगी. अग्राह्य."

"थांबा," बायको म्हणाली. तिचा आवाज तापलेल्या इस्त्रीवर पाणी पडावं तसा आला. "माझा जबाब बदलायचाय."

"बदला."

"देखणे? कोण, हे? अहो, नाक बघा ते! त्याच्या सावलीत दोन माणसं आरामात जेवायला बसतील. शर्टाचा स्टार्च माझा, पँटची घडी माझी, भुवया मी विंचरल्यात. माझं सगळं काढून घ्या आणि मग काय उरतं ते बघा. या घोडीच्या पासंगाला पुरायचे नाहीत!"

कायद्याच्या दृष्टीने हा जबाब आदर्श होता. तो स्पष्ट होता, सकारण होता आणि देताना साक्षीदाराला जराही अडखळावं लागलं नाही. फोटोवाल्याने मान डोलावली. "जबाब ग्राह्य," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "दोरीधारक कुरूप. पात्र." हेही लाउडस्पीकरवरून जाहीर झालं, आणि गर्दीने नाकाड्याचं टाळ्या वाजवून अभिनंदन केलं.

रिंगणाच्या फाटकाशी नाकाड्याने हळूच विचारलं, "खरंच चिडलीस, का गिरकीसाठी म्हणालीस?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि तिने त्याची कॉलर नीट केली. "आता जा. आणि ते पापण्यांचं घरी आल्यावर म्हणायचं. माझ्याकडे बघून." नाकाड्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ते आतल्या बाजूस राहील याची त्याने दक्षता घेतली.

गिरकी फार छान चालली. निदान चालली असावी, कारण तिला दाखला मिळाला आणि मालकीणबाईंनी घोडी न्यायला आलेल्या बागेतल्या गाडीवाल्याला परत पाठवलं. नक्की कोणालाच सांगता येत नाही. लाउडस्पीकर ऐकून जमलेली माणसं ‘तो बघा, तो बघा, आधी देखणा होता तो’ म्हणत नाकाड्याकडे बघत होती, परीक्षक त्याचं नाक मोजत होते, आणि नाकाड्या कठड्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघत चालत होता. दाखला गिरकीच्या गळ्यात अडकवायच्या ऐवजी चुकून नाकाड्याच्या गळ्यात अडकवला गेला, पण तो शर्टाला शोभत होता म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

कलम अकरा हा निव्वळ वेडेपणा आहे, असं काही सुजाण मंडळींचं म्हणणं आहे. डोकं ठिकाणावर असलेला माणूस अश्वप्रदर्शनात घोडाच बघणार, दोरी धरणाऱ्याकडे कशाला बघेल, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे. आपणही त्यांच्यापैकीच असाल, यात शंका नाही. मंडळाने अशा मंडळींसाठी फक्त एकच प्रश्न काढला आहे, तोही सोपा: गिरकीचा रंग कोणता?

पुन्हा वर जाऊन शोधू नका, कुठेही लिहिलेला नाही. इतका वेळ तुम्ही दोरीधारकाकडेच बघत होता.