कॅरव्हॅन विकल्यानंतरची अंघोळ

त्या शनिवारी सकाळी क्लिफर्ड आर्कराइटने अंघोळ करायचं मनात आणलं आणि थॉर्नबेक गावाच्या क्रिकेटचं वाटोळं झालं.

तसा माणूस गरीब. यॉर्कशरमधला निवृत्त बसड्रायव्हर. उभी हयात सुट्टी आली की मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडायची आणि कुठल्यातरी ओल्या कुरणात नेऊन उभी करायची, हाच त्याचा धर्म. पण बेरिलचा, म्हणजे बायकोचा, खुबा कुरकुरायला लागला. कॅरव्हॅनची पायरी चढताना ती अशी कण्हायची की शेजारचे लोक हातातला चहा टाकून धावत यायचे. शेवटी कॅरव्हॅन विकली. आणि आता ही पहिलीच नव्या तऱ्हेची सुट्टी: पंधरा दिवसांसाठी भाड्याचं दगडी कॉटेज, स्वयंपाक आपला आपण करायचा, आणि पलंग एवढा रुंद की नवराबायकोने एकमेकांना पत्र टाकावं.

"तुला करमतंय ना, क्लिफ?" आल्यापासून बेरिलचं एकच. "माझ्या मेल्या खुब्यापायी तुझं सुख गेलं."

"कसलं सुख? गळक्या छपराचं?" तव्यावरची सॉसेजं उलटत तो म्हणाला. "मी तर विसरलोसुद्धा."

(साफ खोटं. घरी अंगणात कॅरव्हॅनची जागा रिकामी पडली होती, तरी हा तिला वळसा घालून चालायचा.) पण आठवण येते हे बेरिलला कळू द्यायचं नाही, एवढं त्याने पक्कं ठरवलं होतं. कळलं असतं तर ती बिचारी खुबा धरून दुसरी कॅरव्हॅन घ्यायला निघाली असती, आणि पुन्हा पायरीवर कण्हत बसली असती.

आता कॅरव्हॅनवाल्यांचं एक असतं. सकाळी उठलं की अंगात झगा अडकवायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि कुरणापलीकडच्या सामाईक न्हाणीघराकडे चालू लागायचं. वाटेत भेटेल त्याला "आज उघडीप दिसतेय" म्हणायचं. डोळे मिटलेले असले तरी चालतं, पाय बरोबर नेतात. क्लिफर्डलाही पायांनीच नेलं. कॉटेजात दोन चकचकीत न्हाणीघरं होती, पण ते पायांना कुणी सांगितलं नव्हतं. कुरण ओलांडलं, कडेला हिरव्या दाराची बैठी इमारत दिसली. दार उघडं, आत शॉवर. क्लिफर्ड मनसोक्त न्हाला. वर दोन गाणीही म्हटली.

पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर कॉटेजवाल्यांनी दिलेला लांब पांढरा झगा चढवून तो बाहेर येतो तर समोर क्रिकेटच्या कपड्यांतला एक आडदांड गडी. हा नायजेल, गावचा खाटीक आणि संघाचा कप्तान.

"आलात एकदाचे!" त्या झग्याला अंपायरचा लांब पांढरा कोट समजून नायजेल गरजला. "आम्ही म्हटलं, आज अंपायर येतच नाही. चला, पाहुणा संघ खोळंबलाय."

आता सरळ "मी तो नव्हे" म्हणायचं की नाही? पण मग क्रिकेट क्लबाच्या न्हाणीघरात शिरून अंघोळ का केलीत, हेही सांगावं लागलं असतं. गाव हे एवढंसं. बेरिल पाव आणायला बेकरीत पोचायच्या आधी बातमी तिथे पोचली असती.

"हो, मीच तो," क्लिफर्ड म्हणाला.

"विजार कुठल्या क्लबाची?"

"जुन्या," क्लिफर्ड म्हणाला आणि मैदानात जाऊन यष्ट्यांमागे उभा राहिला.

थोडा वेळ बरं चाललं. क्रिकेट त्याने टीव्हीसमोर डुलक्या काढत पुष्कळ पाहिलं होतं. मग पाहुण्या संघातला एक पोरगा उशिरा उगवला. सामना संपला की तसाच सुट्टीवर जायचं म्हणून मोटारीमागे कोरी कॅरव्हॅन जोडून आणली होती. मैदानाच्या कोपऱ्यात तो ती मागे घ्यायला लागला, आणि चाक फिरवलं उलटं. मागे खाजऱ्या झुडपांनी भरलेला खड्डा.

क्लिफर्ड सामनाच विसरला. "थांब!" म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.

इकडे फलंदाजाने चेंडू नुसता अडवला होता. पण धावा लिहिणाऱ्या मिसेस थ्रेल अंपायरच्या हाताबाहेर जाणाऱ्या बाई नव्हत्या. सहा धावा लिहून मोकळ्या.

"सिक्स?" गोलंदाज किंचाळला. "अहो, चेंडू माझ्या पायाशी पडलाय!"

"डावीकडे घे, डावीकडे!" क्लिफर्डने आडवा हात झुलवला. मिसेस थ्रेलनी चार वाढवल्या.

"आता एवढंसं मागे..." त्याने एक बोट वर केलं.

"आउट?" फलंदाजाने आ वासला. "कुणी मागितलं तरी का?"

एवढ्यात क्लिफर्डला दिसलं की कॅरव्हॅनच्या मागे आणखी कुणीतरी हात ओवाळतंय. बगलेत पाव, डोक्याला रुमाल. बेरिल! तिनेही त्याच क्षणी त्याला पाहिलं. दोघंही हात वर करून जागच्या जागी थिजली.

"क्लिफ! तू तिथे कसला आशीर्वाद देतोयस?"

"मी? मी... अंघोळीला आलो होतो. आणि तू?"

"पावाला." मग हात हळूच खाली आले. "त्या पोराचं चाक चुकत होतं रे. मला राहवेना."

"म्हणजे तुलाही आठवण येते?"

"येते तर! रोज उठल्यावर पाय खाली सोडते नि पायरी शोधते. बोलले नाही. म्हटलं, तू एवढा खूश दिसतोयस..."

सगळं मैदान ऐकत होतं. मिसेस थ्रेलनी तर नाकही पुसलं. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. नवरा एकीकडे बोलावतोय, बायको दुसरीकडे, अशात सापडलेल्या त्या पोराने कॅरव्हॅन खड्ड्यात घातली होती.

बेरिलने पाव नायजेलच्या हातात दिला. दोनदा मनगट वळवलं, एकदा तळहात दाखवला, आणि कॅरव्हॅन मुकाट बाहेर येऊन जागेवर बसली. टाळ्या पडल्या.

चहाच्या सुट्टीत नायजेल म्हणाला, "पुढच्या शनिवारी अंपायर म्हणून याल का?"

क्लिफर्डने झगा सारखा केला. "येऊ की. आमचं काय!"

"तुम्ही नाही हो. या बाई. यांचे हात माणसाला कळतात."

"आणि मी?"

नायजेलने त्याला वरपासून पायजम्यापर्यंत न्याहाळलं. "खेळपट्टीवर तो लोखंडी रोलर फिरवायचाय. बाई म्हणाल्या, तुम्हाला मागे काहीतरी ओढत न्यायची फार हौस आहे."

क्लिफर्डने रोलर ओढला. खरं सांगायचं तर मजेत ओढला, शीळ घालत, आणि मागून बेरिल "डावीकडे, अरे डावीकडे!" करत होती. त्याने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. रोलर उताराला लागला आणि क्लिफर्डला घेऊन थेट खाजऱ्या झुडपांत शिरला.

बेरिलने शांतपणे एक बोट वर केलं. या खेपेला मैदानावर कुणीही हरकत घेतली नाही.