पंगतीत हरवलेलं वांगं

पंगतीत बसलेला माणूस वाढप्याला दोनच कारणांसाठी थांबवतो. पुरे म्हणायला, नाहीतर आणखी मागायला. टेंभेकर तिसऱ्याच कारणासाठी थांबवतात.

"थांब गा. कढईत वांगं किती पडलं?"

वाढपी बादली घेऊन वाकलेला असतो. त्याच्यामागे पुरीवाला खोळंबलेला, पुरीवाल्यामागे बुंदीवाला.

"काका, मी वाढू का मोजत बसू?"

"वाढ ना. पण आचाऱ्याले विचारून ये. आलू वेगळा सांगजो, वांगं वेगळं."

टेंभेकर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एका सरकारी कचेरीत पीकपाण्याचे आकडे जुळवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक कुंड्यांत मोगरा लावतात, गुडघे बदलून घेतात. टेंभेकरांनी वांगं धरलं. देशात वांगं पिकतं किती आणि खपतं किती, यांत म्हणे मोठी तफावत आहे आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नाही. तफावत नेमकी किती, ते मी इथे सांगत नाही. त्यांनी मला ती अनेकदा समजावली आहे आणि प्रत्येक वेळी माझा चहा निवला आहे.

"सर्वेवाले घरोघरी विचारतात, बा, काय खाल्लं?" ते सांगतात. "आता घरात कोण खाते वांगं? पोरं तोंड वाकडं करतात. पण वावरात तर पिकूनच राहिलं ना! मग जाते कुठं?" इथे ते चष्मा काढतात. "पंगतीत! महाप्रसाद, तेरवी, बारसं, वास्तू. आलू-वांग्याची भाजी. अन् पंगतीतला आकडा वर पोचतच नाही."

'वर' म्हणजे दिल्लीत. टेंभेकरांच्या बोलण्यात देव फारसा येत नाही. वर असते ती दिल्लीच.

त्यांच्या बोलण्यातलं दुसरं थोर पात्र म्हणजे सरासरी माणूस. "सरासरी माणूस आजकाल फुलकोबीकडे झुकून राहिला," असं ते अशा सुरात सांगतात, की हा गृहस्थ आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि कोणीतरी त्याला समज द्यायला हवी.

"काहून झुकला?" मी विचारतो.

"पनीर पाहिलं त्यानं. एकदा पनीर पाहिलं का माणूस बिघडते. मंग थोडा पश्चात्ताप झाला तर फुलकोबीपर्यंत येते. वांग्यापर्यंत नाही येत."

मला देशपातळीवरच्या आकड्यांचा फारसा आदर नाही. स्वतःच्या डब्यातली साखर संपल्याचं ज्यांना ठाऊक नसतं, तेच देशातल्या साखरेवर अधिकारानं बोलताना मी पाहिले आहेत. आमच्या सौ.चं निदान तर त्याहून सोपं होतं. "फुकटचं जेवाचं अन् त्याले शास्त्र म्हणाचं."

पण हे निदान बसेना. टेंभेकर जेवणाआधी न चुकता दानपेटीशी जात. भाजी वाढून घेत ती एकच डाव. फुकट जेवणारा माणूस एका डावावर थांबत नाही. तेव्हा कुतूहलापोटी मी एकदा त्यांच्याबरोबर हनुमान मंदिरातल्या महाप्रसादाला गेलो.

वांग्याचा आकडा पहिल्या पाच मिनिटांतच हाती आला. काम झालं होतं. तरी टेंभेकर उठेनात. डावीकडच्या माणसाला त्यांनी विचारलं, "कोणत्या ले-आऊटमध्ये राहता तुम्ही?" उजवीकडच्या बाईंना आग्रह केला, "घ्या ना वं बाई, बुंदी घ्या, लाजू नका." जणू मंदिर त्यांच्या घरचंच. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, तेव्हा कुठे ते निघाले.

लग्नाच्या हॉलमधून मात्र ते चिडून परततात. "बफे म्हणजे मोजणीचं वाटोळं. ताट हातात घेऊन माणूस फिरून राहिला. बाजूले कोण आहे, पत्ता नाही." मला वाटायचं, तक्रार मोजणीचीच आहे.

आणि एक दिवस तो योग आला. कुटुंबं काय आणि किती खातात याची पाहणी निघाली आणि आमच्या इमारतीतून नेमकं टेंभेकरांचं घर निवडलं गेलं. वरून कोणीतरी त्यांना विचारायला येणार होतं! साक्षीदार म्हणून त्यांनी मला बोलावलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, टीपॉयवर संत्र्याची बर्फी. पाहणीला आलेली मुलगी टॅबलेट उघडून बसली.

"घरात माणसं किती, काका?"

"एक."

"मागच्या महिन्यात घरी वांगं किती शिजलं?"

मी सावरून बसलो. आता तासाभराची निश्चिंती.

"शून्य," टेंभेकर म्हणाले.

मुलीनंही वर पाहिलं.

"एकट्या माणसाचं वांगं होत नाही, बाई. पोळी होते, खिचडी होते. वांग्याले चार तोंडं लागतात."

मग तिनं बाहेरच्या जेवणांचं विचारलं. टेंभेकर खुलले. तीन महाप्रसाद, एक तेरवी, एक बारसं. आलू वेगळा, वांगं वेगळं. ती मुकाट्यानं भरत गेली. पंगतीतला आकडा अखेर वर निघाला होता. मी त्यांचं अभिनंदन करणार, तेवढ्यात तिनं पुढचं विचारलं.

"आणि महिन्याभरात तुमच्याकडे बाहेरचं कोण कोण जेवलं?"

टेंभेकरांनी बर्फीची बशी जरा सरळ केली. मी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. समोर माझंच दार होतं.

"शून्य लिहा."

मुलगी बिचारी चांगल्या घरची असावी. "काका, अंदाजे एक-दोन टाकू का? आठवत नसेल तुम्हाला."

"आठवते ना, बाई. शून्यच टाका. खोटा आकडा वर नाही गेला पाहिजे."

ती गेली. बशीतली बर्फी तशीच होती. मी एक तुकडा उचलला. "टेंभेकरजी, रविवारी वांगं करता का? आम्ही दोघं येतो."

"आता काय फायदा?" ते म्हणाले. "पाहणी होऊन गेली. हा आकडा धरणार नाहीत."

"नाही धरला, तर नाही धरला."

रविवारी दार उघडंच होतं. जेवणाचं टेबल भिंतीशी सरकवलेलं. फरशीवर एका ओळीत तीन आसनं, तीन ताटं. सांभाराचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचा, वास जिन्यापर्यंत आला होता. सौ. गुडघा सांभाळत, कुरकुरत, पण बसली. टेंभेकर स्वयंपाकघरातून स्टीलची बादली घेऊन आले आणि माझ्या ताटाशी वाकले.

मी हात आडवा धरला. "थांबा. वांगं किती पडलं, ते आधी सांगा."

टेंभेकर तसेच वाकून राहिले. डाव बादलीतच होता.

"मोजलं नाही," ते म्हणाले. "हात काढा ना गा. वाढून राहिलो."