काकूंचा मुक्काम वाढतो

काकू टीव्हीवर जाणार हे ठरलं, तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला, "परत कधी?"

"आठवड्याने. मला पहिल्याच आठवड्यात काढणार आहेत. त्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय तसं."

त्या बाई म्हणजे माणसं एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या निवडबाई. काकू तिथे हौसेने गेल्याच नव्हत्या. चाचणी द्यायची होती भाचीला, या आपल्या सोबतीला. रांगेत एक उंचापुरा गडी मध्येच घुसला आणि काकूंनी त्याला असं काही फैलावर घेतलं, की आत बसलेल्या निवडबाई उठून बाहेर आल्या. भाचीला "कळवतो" म्हणून वाटेला लावलं आणि काकूंची उभ्या उभ्या निवड झाली. बाईंचं गणित पक्कं असे. एक देखणा, एक उद्धट, एक रडकी आणि एक भांडखोर बाई. भांडखोर बाई पहिल्या आठवड्यात सगळ्यांशी वाजवून घेते, प्रेक्षक वैतागून तिला घालवतात आणि कार्यक्रम मार्गाला लागतो.

काका जुने सोफे दुरुस्त करत. खाली दुकान, वर घर. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलण्याशी संबंध कमीच. काकू बोलायला लागल्या की ते आणखी दोन खिळे तोंडात टाकत. आठवडा काय, हां हां म्हणता जाईल, उलट जरा शांतता मिळेल, असं त्यांना वाटलं होतं, पण ते त्यांनी खिळ्यांच्या आडच ठेवलं. काकूंनी आठवड्याचे डबे करून फ्रीजमध्ये रचले, "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका" असं दारातून बजावलं आणि त्या गेल्या.

तिकडे भांडण काही होईना. रडकी रडायला लागली तशी काकूंनी तिला जवळ घेतलं. उद्धटाच्या शर्टाचं बटण लावून दिलं. देखण्याने पलंगावर ओला टॉवेल टाकला होता, तो त्यालाच उचलायला लावला. भांडायला घेतलेल्या बाईने घर आवरायला घेतलं हे पाहून निवडबाईंनी कपाळाला हात लावला. प्रेक्षकांनी मात्र मतांचा पाऊस पाडला, आणि आठवडा संपला तरी काकू तिथेच राहिल्या.

इकडे डबे संपत आले. शेवटचा डबा हातात घेऊन काका फ्रीजसमोर उभे राहिले. हा खाल्ला की काकूंच्या हातचं घरात काहीच उरणार नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो बर्फाच्या कप्प्यात सरकवला आणि खानावळीत जाऊन जेवून आले.

घर त्यांना खायला उठलं. एकदा त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि बाजूला बसून वाट पाहिली. कोणी काही बोललं नाही. शेवटी स्वतःच उठून त्यांनी तो दोरीवर वाळत घातला. काकूंची आठवण इतकी येत होती की त्यांना दुकानात खिळाही सरळ ठोकता येईना.

"काका, अजिबात काळजी करू नका," खालची शेजारीण सांगत आली. "आम्ही अख्खी बिल्डिंग काकूंना मत देतोय."

"नका देऊ."

"अं?"

"मत. नका देऊ तिला."

"नजर लागेल म्हणताय ना? कळतं हो मला," असं म्हणून तिने दोन्ही जावयांना फोन लावला आणि त्यांनाही मत द्यायला सांगितलं.

मग काका स्वतःच निवडबाईंकडे गेले. "आमच्या हिला सोडा."

"प्रेक्षक ठरवतात, काका. आणि आम्ही तर हंगाम वाढवतोय."

"किती?"

"लोक बघतील तितका."

"कापड फार ताणलं की उसवतं."

"उसवेपर्यंत पुढचा हंगाम सुरू होतो," बाई म्हणाल्या. "पण आलाच आहात तर काकूंबद्दल कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला. घरच्यांचं बोलणं लोकांना आवडतं."

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायकोबद्दल सडकून वाईट बोलावं, म्हणजे मतं आटतील. अडचण एवढीच की त्या घरात माया करायची ती तक्रारीतूनच. दुसरी भाषा दोघांनाही येत नव्हती.

"फार त्रासदायक बाई आहे," काकांनी सुरुवात केली. तोंडात खिळा नसल्यामुळे त्यांना थांबता येईना. "मी दुकानातून वर आलो की आधी माझे हात बघते. खिळा लागलेला असला की औषध लावते आणि लावताना अर्धा तास बोलते. झोपेत माझं पांघरूण सरकलं की बडबडत उठते आणि नीट करते. आता कोणी बडबडत नाही. पांघरूण पडतं ते तसंच राहतं. असल्या बाईला कृपा करून मत देऊ नका. तिला घरी पाठवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते बोलणं दाखवलं आणि काकूंची मतं दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी निवडबाईंचाच फोन आला.

"काका, आता तुम्हालाच घरात घेतोय."

"ती आहे ना तिथे?"

"आत्ता आहेच की."

काकांनी पुढचं काही ऐकलं नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. त्या घराच्या पुढच्या दाराने ते आत शिरले, तेव्हा रडकी सोफ्यावर बसून रडत होती.

"काकू कुठेयत?"

"आत्ताच गेल्या," ती म्हणाली. "मागच्या दाराने."

प्रेक्षक ठरवत हे खरं, पण प्रेक्षकांनी काय ठरवलं ते बाई ठरवत. "दोघं एकत्र आली की ती टॉवेलवरून बोलणार आणि हे गप्प बसणार," त्यांनी आपल्या माणसांना समजावलं. "ते लोकांना घरी रोज फुकट दिसतं. ताटातूट असली तरच बघतात."

काकूंनी घर उघडलं. दोरीवर टॉवेल वाळत घातलेला पाहून त्यांना आधी भीतीच वाटली. मग बर्फाच्या कप्प्यात आपल्या हातचा डबा दिसला, न उघडलेला. तो हातात धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग तो तसाच परत ठेवून त्यांनी टीव्ही लावला.

टीव्हीवर काका एकटेच कॅमेऱ्यासमोर बसले होते. "अगं, पोचलीस ना नीट?" ते म्हणाले. "मला तुझ्याशिवाय करमत नाही. हे घरीच सांगायला हवं होतं, पण राहून गेलं." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

तेवढ्यात शेजारीण आली. "काकू, काळजी करू नका. आम्ही ठरवलंय, काकांना कोणी मत द्यायचं नाही. या आठवड्यातच घरी येतात बघा."

"थांबा जरा, ऐकू द्या," काकू म्हणाल्या. जाहिराती लागल्यावर त्यांनी फोन काढला आणि काकांना मत दिलं. मग हात पुढे केला. "तुमचाही द्या."

"अहो, पण ते परत यायला हवेत ना?"

"हवेतच हो. माझा का जीव तुटत नाहीये?" काकूंची नजर टीव्हीवरून हटली नव्हती. "पण घरी आले की खिळे धरतील तोंडात. एवढा आठवडा बोलू दे त्यांना."

शेजारणीने फोन दिला, आणि काकूंनी दुसरं मत टाकलं.